पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती नक्की कुणी खाल्ल्या?

उगाच_शंका:
पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती इंटरनेटने संपवल्या हे सगळेच म्हणतात आणि त्यात विचारण्यासारखं काही नाही. मला कळत नाही ते वेगळंच आहे. पेपरवाल्यांकडे तर सगळंच होतं ना? जाहिराती देणाऱ्या कंपन्या त्यांच्या ओळखीच्या, वाचणारे त्यांचे, नाव त्यांचं, वसुलीची माणसंसुद्धा त्यांची. मग वेबसाइट काढून तोच धंदा तिकडे नेणं इतकं का जड गेलं? झोपले होते का सगळे?

आणि दुसरं म्हणजे, पेपरात एखाद्या कंपनीची चौकोनी मोठी जाहिरात दिसली की ही लोकं खरंच माणसं घेतायत हे आपण धरून चालायचो. आता पोर्टल उघडलं की जागांचा पाऊस, पण अर्ज करा नि बसा, पुढून ना हो ना नाही. माझी भाची सध्या यातूनच जातेय, ती म्हणते मावशी अर्ज केला की तो कुठे जातो तेच कळत नाही, नंतर तीच जाहिरात दोन महिन्यांनी परत 'नवीन' म्हणून वर येते. मग एवढी सोय झाली ती नेमकी कुणाची? जाणकारांनी लिहा, टाइमपास प्रतिसाद पण चालतील.

जुना_छापखाना:
टाइमपास नाही, पोटाचा विषय आहे म्हणून लांबलचक लिहितो. एका पेपरच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत.

आधी हे समजून घ्या की नोकरीची जाहिरात हे पेपरच्या ताटातलं लोणी होतं. साबणाच्या, टीव्हीच्या जाहिरातीला एजन्सी भाव पाडून घ्यायची, पण ज्या कंपनीला पुढच्या महिन्यात चार इंजिनियर हवेत ती घासाघीस करत नाही, तिला दुसरीकडे जायलाच जागा नव्हती. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दावर किंवा ओळीवर, मोठीचे कॉलम सेंटिमीटरवर, म्हणजे व्यापलेल्या जागेवर. त्यामुळे लोक शब्द वाचवायला काय काय करायचे, 'अनुभवी' चं 'अनु.', 'संपर्क' चं 'सं.', आणि काउंटरवर पेन्सिल घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर बसून एकेक शब्द कापायचो. पगार लिहायचा नाही, कारण तेवढेच दोन शब्द वाचले. बॉक्स नंबरवाल्या जाहिराती असायच्या, म्हणजे कंपनीचं नाव गुपित आणि अर्ज आमच्या पत्त्यावर. दुपारी पाकिटांचं पोतं यायचं, ते नंबराप्रमाणे लाकडी खणांमध्ये लावायचं आणि कंपनीचा शिपाई येऊन गठ्ठा घेऊन जायचा. कुठला खण भरून वाहतोय आणि कुठला रिकामा यावरून बाजार कसा आहे ते आम्हाला संपादकांच्या आधी कळायचं, पण आम्हाला विचारतो कोण :)

आकडा सांगतो, तुम्हाला अंदाज येईल. अमेरिकेतल्या पेपरांना २००० साली फक्त नोकरीच्या जाहिरातींतून सुमारे ८७० कोटी डॉलर मिळाले होते. २००९ मध्ये तोच आकडा १०० कोटींच्याही खाली गेला. मधे दोनदा मंदी आली हे खरं, पण आधीच्या मंद्यांनंतर हा पैसा परत यायचा, या वेळी आलाच नाही.

आता तुमचा प्रश्न, झोपले होते का. अजिबात नाही, हीच तर गंमत आहे. सिलिकॉन व्हॅलीतल्या सॅन होजे मर्क्युरी न्यूजने १९९३ मध्येच ऑनलाइन आवृत्ती सुरू केली होती. १९९५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, लॉस एंजेलिस टाइम्स वगैरे सहा मोठ्या पेपरांनी मिळून करिअरपाथ नावाची साइट काढली, सगळ्यांच्या नोकरीच्या जाहिराती एका जागी. मॉन्स्टर बोर्ड ही नोकऱ्यांची साइट १९९४ ची, म्हणजे फार तर वर्ष-दीड वर्षाचा फरक. नंतर २००० मध्ये ट्रिब्यून आणि नाइट रिडर या पेपर कंपन्यांनी करिअरबिल्डर ही नोकऱ्यांची साइट विकत घेतली, मागून गॅनेट ही आणखी एक पेपर कंपनी आली. म्हणजे अक्कल होती, पैसा होता, साइटही होती.

मग घोडं कुठे अडलं? ऑनलाइन जाहिरात विकली ती छापील जाहिरातीची शेपटी म्हणून. कागदावर घ्या, वेबवर थोडे वरचे द्या किंवा फुकट घ्या. सेल्सच्या पोराचं कमिशन कागदावर, साहेबाचं टार्गेट कागदावर, आणि फक्त वेबवर स्वस्तात द्या असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलंच तर त्याच्याकडे असं बघायचे की जणू घराला काडी लावायला आलाय. वर प्रत्येक पेपरला आपापला इलाखा सांभाळायचा. आणि वेबवर तर इलाखा नावाची गोष्टच नाही.

अपवाद आहे एक, नॉर्वेची शिबस्टेड. पेपर कंपनीच, पण २००० मध्ये त्यांनी फिन नावाची वेगळी साइट काढली आणि तिला आपल्याच पेपरांचं गिऱ्हाईक खाऊ दिलं. आज तिकडे छोट्या जाहिराती म्हणजे फिन. ज्यांनी स्वतःचं स्वतः खाल्लं ते जगले, बाकीच्यांचं दुसऱ्यांनी खाल्लं.

रिकामा_वेळ:
प्रतिसाद आवडला, पण "दुसऱ्यांनी खाल्लं" याला अर्धंच सहमत. बराचसा पैसा कुणी खाल्लाच नाही, तो चक्क वाफ होऊन उडाला. क्रेगलिस्ट ही छोट्या जाहिरातींची साइट बघा, क्रेग न्यूमार्कने १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांना पाठवायची ईमेल यादी म्हणून सुरू केलेली, दिसायला आजही तशीच भयाण, आणि बहुतेक जाहिराती फुकट. सीमन्स आणि झू या दोघांचा अभ्यास आहे, त्यांच्या हिशोबाने २००० ते २००७ मध्ये क्रेगलिस्टमुळे जाहिरातदारांचे साधारण ५०० कोटी डॉलर वाचले. हे नोकरी, घर, जुन्या गाड्या सगळं धरून. पेपरांच्या खिशातून एवढे गेले पण क्रेगच्या खिशात त्याच्या आसपासही आले नाहीत. पेपर ज्या गोष्टीचे पैसे घेत होता ती मुळात कागदावरची जागा होती, आणि वेबवर जागेला तोटा नाही म्हटल्यावर भाव कुठून येणार.

भाचीच्या प्रश्नाबद्दलही एक मजेशीर गोष्ट. क्रॉफ्ट आणि पोप म्हणून दोघांनी क्रेगलिस्ट जिथे जिथे पोचलं तिथे काय झालं ते तपासलं होतं. पेपरातल्या जाहिराती घटल्या, भाड्याची रिकामी घरं लवकर भरली, पण बेरोजगारीच्या दरात काही फरक सापडला नाही! म्हणजे जाहिरात स्वस्त झाली म्हणून नोकऱ्या वाढल्या असं काही नाही.

(हे एकाच साइटबद्दल आहे हे मान्य. इंटरनेटवर नोकरी शोधणाऱ्यांना ती लवकर मिळते का यावर कून आणि स्कुटेरुड या अभ्यासकांनी २००४ मध्ये "नाही" म्हटलं होतं आणि दहा वर्षांनी त्याच कूनने मन्सूरबरोबर नव्या पिढीचे आकडे घेऊन "हो, बेकारीचा काळ २५ टक्क्यांच्या आसपास कमी होतो" म्हटलं. तेव्हा अगदीच मोडीत काढू नका.)

एचआर_आणि_हैराण:
भाचीचा अर्ज कुठे जातो ते मी सांगते, कारण तो माझ्याकडेच येतो.

सकाळी जागा टाकली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्ज शेकड्यांनी. त्यातले निम्मे लोक जाहिरात न वाचताच आलेले असतात. अकाउंट्सच्या जागेला शेफचा अर्ज मी स्वतः पाहिलाय आणि एकदा नाही. पण दोष त्यांना तरी काय द्यायचा, एक बटण दाबलं की अर्ज जातो म्हटल्यावर कोण विचार करत बसेल. पूर्वी अर्ज टाइप करा, पाकीट आणा, तिकीट लावा, पोस्टात जा, म्हणून माणूस आपल्याला जमणाऱ्या ठिकाणीच अर्ज करायचा. आणि वर छापखानावाल्यांनी सांगितलं तसं, कंपनी एकेका शब्दाचे पैसे मोजायची म्हणून तीसुद्धा उगाच जाहिरात द्यायची नाही. दोन्हीकडून थोडा थोडा चिमटा बसायचा तो गेला, आणि चाळायचं सगळं काम आमच्या टेबलावर येऊन पडलं.

आता लोकांना वाटतं की सॉफ्टवेअर बसलंय आणि ते सगळ्यांना धडाधड रिजेक्ट करतंय. मी वापरलेल्या सिस्टीममध्ये तरी त्याहून साधं आणि जरा लाज वाटण्यासारखं घडतं. फॉर्ममध्ये दोन तीन प्रश्न असतात, अमुक परवाना आहे का, कधीपासून येऊ शकता वगैरे, तिथे चुकीचं उत्तर दिलं की अर्ज आपोआप बाजूला. उरलेले यादीत येतात. आम्ही वरून वाचायला लागतो, पंधरा वीस बरे सापडले की फोन सुरू करतो. खालचे अर्ज कुणी नाकारलेले नसतात हो, ते कुणी उघडलेलेच नसतात. आणि न उघडलेल्याला नकाराचं पत्र तरी काय म्हणून पाठवायचं, म्हणून शांतता.

तीच जागा पुन्हा पुन्हा का दिसते त्याची कारणं बरीच आहेत. कधी माणूस येतो आणि महिन्याभरात सोडून जातो. कधी मॅनेजरने आतल्याच कुणाला ठरवलेलं असतं पण नियम म्हणून जाहिरात द्यावी लागते. कधी वरून भरती थांबवा असा निरोप येतो आणि जाहिरात काढायची कुणाच्या लक्षातच राहत नाही, कारण ती ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत. आणि काही कंपन्या सरळ सरळ बायोडेटा गोळा करायला जागा उघडी ठेवतात, पुढे लागलं तर असू दे म्हणून. पेपरात हे परवडलंच नसतं, रोज छापायचे रोज पैसे.

कोडवाला:
एचआर ताईंनी जेवढं सांगितलं त्यात माझ्या बाजूचं पाप मिळवतो. मी जागा गोळा करणाऱ्या एका साइटसाठी काम केलंय, नाव नको.

पहिल्या पिढीच्या साइट्स म्हणजे पेपरच होते, फक्त कागद नव्हता. कंपनीने पैसे द्यायचे, जाहिरात लावायची, महिनाभर ठेवायची. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या जागा पेपरातल्या जाहिराती बघून टाइप केलेल्या होत्या. खरा घोळ सुरू झाला २००४ मध्ये इंडीड नावाची साइट आली तेव्हा. ती जाहिरात घ्यायला बसलीच नव्हती, कंपन्यांच्या साइट्स, इतर पोर्टल्स सगळीकडून उचलून एका सर्चमध्ये दाखवायची, आणि वर दिसायचं असेल तर क्लिकमागे पैसे द्या. म्हणजे लावणं फुकट, दिसणं विकत.

याचा परिणाम असा की एकच जागा कंपनीच्या साइटवर असते, तिथून एक पोर्टल उचलतं, त्याच्याकडून दुसरं, मधे एखादा कन्सल्टंट नाव झाकून तीच जागा आपल्या नावाने टाकतो, आणि शेवटी सर्चमध्ये एका खुर्चीच्या पाच जागा दिसतात. डुप्लिकेट ओळखायचा कोड लिहिणं हे माझं कित्येक महिन्यांचं काम होतं आणि पद एकीकडे 'सीनियर' आणि दुसरीकडे 'सी.' लिहिलं की तो कोड तोंडावर पडायचा (छापखानावाले तुमच्या 'अनु.' चा शाप आहे हा). गूगलने २०१७ मध्ये नोकऱ्यांचं सर्च काढलं, त्यासाठी पानावर ठरावीक साच्यात माहिती द्यावी लागते, त्यात जाहिरात कधीपर्यंत चालू याचा पण एक रकाना आहे. तो रकाना कित्येक जण रिकामा ठेवतात किंवा आपोआप पुढे ढकलत राहतात. म्हणून दोन महिन्यांनी तीच जागा 'नवीन'. जागा पहिल्यांदा टाकल्याची तारीख नाही, मशीनने शेवटचं कधी पाहिलं त्याची तारीख असते ती पुष्कळदा.

जाता जाता, इंडीड आज जपानच्या रिक्रूट कंपनीची आहे, २०१२ मध्ये घेतली. ही रिक्रूट सुरू झाली १९६० मध्ये, टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पेपरसाठी जाहिराती गोळा करणारी एजन्सी म्हणून! आणि पेपरांना घाम फोडणारं मॉन्स्टर आणि एकेकाळी पेपर कंपन्यांनीच घेतलेलं करिअरबिल्डर हे दोघं २०२४ मध्ये एकत्र आले आणि २०२५ च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळे झाले. तेव्हा पेपरवाल्यांनी वेळेवर साइट काढली असती तर तगले असते हेही मला फारसं पटत नाही. साइट काढणारेही गेलेच की.

जुना_छापखाना:
कोडवाले, शाप मान्य आहे. पण तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे, विचार करायला लावलंत.

तिखट_मीठ:
जुन्याचं इतकं कौतुक चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा. त्याच पेपरांत 'पुरुष पाहिजेत' आणि 'स्त्रिया पाहिजेत' असे वेगळे कॉलम असायचे, अमेरिकेत १९६० च्या दशकापर्यंत सर्रास. चांगल्या पगाराचं सगळं पहिल्यात. पिट्सबर्गच्या एका पेपरने तर असे कॉलम हा आमचा अभिव्यक्तीचा हक्क आहे म्हणून थेट सुप्रीम कोर्ट गाठलं आणि १९७३ मध्ये तिथे हरला. बॉक्स नंबरमागे कोण आहे हे कळायचं नाही, आपण चुकून आपल्याच साहेबाला अर्ज पाठवला तर? झालेले आहेत असे प्रकार.

पण एक आहे. तो कॉलम छापलेला होता म्हणून दिसला, दिसला म्हणून भांडता आलं. आता बघा, फेसबुकवर नोकरीची जाहिरात देताना वय, बाई की पुरुष हे निवडायची सोय होती, म्हणजे पन्नाशीच्या माणसाला ती जाहिरात दिसायचीच नाही आणि आपल्याला दिसली नाही हेही कळायचं नाही. खटले झाले तेव्हा कुठे २०१९ मध्ये समझोता होऊन ते बंद करायचं ठरलं. अॅमेझॉनने बायोडेटाला गुण देणारं एक सॉफ्टवेअर करून बघितलं होतं, ते जुन्या अर्जांवर शिकलं आणि जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, मग बायोडेटात बायकांच्या क्लबचा, कॉलेजचा उल्लेख आला की ते गुण कापायला लागलं. शेवटी गुंडाळलं, २०१८ मध्ये बातमी बाहेर आली. छापील कॉलमवर निदान मोर्चा तरी नेता यायचा.

रिकामा_वेळ:
+१. आणि अजून एक गोष्ट कुणी लिहिली नाही. त्या छापील 'पाहिजे' वर अर्थशास्त्रवाल्यांचा एक आख्खा निर्देशांक चालायचा. कॉन्फरन्स बोर्ड ही संस्था १९५१ पासून अमेरिकेतल्या ५१ पेपरांतल्या नोकरीच्या जाहिराती मोजायची, आणि त्यावरून मंदी येतेय का जातेय ते लोक ठरवायचे. २००५ मध्ये त्यांनी ऑनलाइन जागा मोजायला वेगळी मालिका सुरू केली आणि काही वर्षांत छापील मोजणं सोडून दिलं, मोजायला उरलं काय होतं. कोडवाल्यांच्या त्या पाचपट जागा बघता नवीन मोजणाऱ्यांची दया येते.

उगाच_शंका:
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला धागा वाचायला दिला. "कुणी उघडलेलेच नसतात" वाचून तिला राग आला आणि थोडं बरंही वाटलं असं म्हणाली. तिचा प्रश्न, मग करायचं काय? आणि माझा अजून एक प्रश्न राहिलाच, आता पेपरात ज्या थोड्याफार नोकरीच्या जाहिराती दिसतात त्या कोण देतं, त्या तरी खऱ्या समजायच्या ना?

एचआर_आणि_हैराण:
भाचीला सांगा, पोर्टलवर जागा दिसली की आधी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ती आहे का बघ, नसेल तर बहुतेक शिळी. असेल तर तिथूनच अर्ज कर आणि पहिल्या एक दोन दिवसांत कर, कारण आम्ही वरून वाचतो ते मी सांगितलंच. जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुला खरंच येत असतील तर बायोडेटात त्याच शब्दांत लिही, आम्हीही सर्चच करतो. आणि त्या कंपनीत कुणी ओळखीचं असेल तर लाजू नकोस, आतून आलेलं नाव आम्ही नक्की उघडतो. हे न्याय्य आहे का, नाही. पण असं आहे.

जुना_छापखाना:
छापील जाहिरातींचं सांगतो. आता जे उरलंय ते बरंचसं नियमाने द्यावं लागतं म्हणून उरलंय. सरकारी भरतीच्या जाहिराती त्यातल्याच, आणि त्यातही हल्ली चार ओळी छापून 'सविस्तर माहिती संकेतस्थळावर'.

आणि "खऱ्या समजायच्या ना" याबद्दल, अमेरिकेतलं एक ऐकाच. तिथे परदेशी कर्मचाऱ्याला कायमचं ठेवायचं, ग्रीन कार्डासाठी, तर कंपनीला आधी दाखवावं लागतं की या जागेला लायक स्थानिक माणूस मिळाला नाही. त्यासाठी वरच्या हुद्द्याच्या जागेची जाहिरात साधारणपणे दोन वेगवेगळ्या रविवारी पेपरात द्यावीच लागते, २००५ पासूनचा नियम. आता कंपनीने माणूस तर आधीच ठरवलेला असतो, म्हणजे जाहिरात द्यायची पण कुणी अर्ज करू नये अशीच इच्छा. फेसबुकवर आणि नंतर अॅपलवर तिथल्या न्याय खात्याचा नेमका हाच आरोप होता, की एरवी सगळी भरती ऑनलाइन, पण या जागा स्वतःच्या करिअर साइटवर टाकल्याच नाहीत आणि अर्ज मागवले पोस्टाने. फेसबुकने २०२१ मध्ये आणि अॅपलने २०२३ मध्ये पैसे भरून प्रकरण मिटवलं, अॅपलचे अडीच कोटी डॉलर होते.

कोडवाला:
म्हणजे कुणी वाचू नये म्हणून पेपरात द्यायची! छापखानावाले, हे वाचून तुम्हाला झोप कशी लागते?

जुना_छापखाना:
लागते की. जाहिरातीचे पैसे आगाऊ घ्यायचो आम्ही.